कुन्सुलूचा अकरावा प्रश्न

सारिबुलाकच्या पोस्टात खिडक्या दोन, पण बाई एकच. पहिल्या खिडकीवरची मुलगी बाळंतपणाला म्हणून गेली आणि तिसरं मूल झालं तरी परत आली नाही. तेव्हापासून दोन्ही खिडक्या कुन्सुलूच्या. एकीकडे रांग वाढली की ती खुर्चीसकट तिकडे सरकते. खुर्चीला चाकं आहेत आणि त्या चाकांच्या दोन पांढऱ्या रेघा फरशीवर कायमच्या उमटल्या आहेत. बावीस वर्षांची नोकरी कशी दिसते हे कुणाला बघायचं असेल, तर त्याने त्या रेघा बघाव्यात.

बाई अंगाने भरलेली, आवाज खणखणीत. कुणाचं पेन्शन अडलंय, कुणाला अर्ज लिहिता येत नाही, कुणाच्या मुलाने शहरातून पैसे पाठवणं बंद केलंय, सगळं तिला तोंडपाठ. बोलण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही. पण एक खोट तिच्यात पहिल्यापासून आहे. वाईट बातमी तिला सांगता येत नाही.

यात सगळा दोष तिचाच आहे असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे मरणाची बातमी वडीलधारे सांगतात. चारजण मिळून जातात, हवापाण्याचं बोलतात, आडवळणाने मुद्द्यावर येतात. चांगली बातमी मात्र जो आधी पळेल त्याची. 'सुयुन्शी! सुयुन्शी!' असं ओरडत दारात जायचं, घरच्यांनी हाताला लागेल ते बक्षीस, म्हणजेच सुयुन्शी, द्यायचं, मग बातमी फोडायची. कुन्सुलूने पोस्टात बसून जन्मभर सुयुन्शी खाल्ली. नातू झाल्याची, परीक्षा पास झाल्याची, पेन्शन वाढल्याची. शाली मिळाल्या, लोकरीचे मोजे मिळाले, एकदा तर जिवंत कोंबडी मिळाली. मयताची तार आली की मात्र ती मशिदीजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात ठेवायची आणि मागे वळून न बघता परत यायची.

सरकारने नदी अडवून वीज बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचे शेअर पोस्टातून साध्या लोकांना विकायचं ठरवलं, त्या वर्षी तिला तीन दिवस शहरात शिकायला पाठवलं. येताना तिने एक हिरवं पुस्तक आणलं. लोक नेहमी विचारतात ते सत्तावीस प्रश्न आणि त्यांची उत्तरं. 'शेअर म्हणजे भागभांडवलातील हिस्सा दर्शवणारा रोखा होय,' असं पहिलंच उत्तर. ते लिहिणाऱ्याला कधी म्हाताऱ्या माणसाशी बोलायची वेळ आली नसावी. कुन्सुलूने पुस्तक पालथं ठेवलं आणि जून महिन्यातल्या पेन्शनच्या दिवशी, सगळी म्हातारी मंडळी जमलेली असताना, आपल्या पद्धतीने सुरुवात केली.

"हिवाळ्याच्या मांसासाठी तुम्ही चार घरं मिळून घोडा घेता की नाही? चौघांचे पैसे, चौघांचा घोडा. कंपनी म्हणजे तो घोडा. शेअर म्हणजे तुमचा वाटा. फक्त हा घोडा लाखो घरांनी मिळून घेतलेला आहे आणि तो कापायचा नाही."

"कापायचा नाही?" बातिमा अपा म्हणाल्या. गावातली सगळ्यात वयस्कर बाई आणि सगळ्यात तिखट. "मग काय शेपटीकडे बघत बसायचं?"

"घोडी समजा, अपा. दूध निघालं तर वर्षाकाठी वाटून मिळतं. त्याला लाभांश म्हणतात. नाही निघालं तर नाही मिळत. आणि वाटा नकोसा झाला की बाजारात विकायचा."

"भाव कोण लावणार? सरकार?"

"रविवारच्या गुरांच्या बाजारात कोण लावतं? घेणारा आणि विकणारा. घेणारे जास्त आले की भाव वर. सगळेच विकायला निघाले की खाली. घोडी तीच असते, तिला काही ठाऊकही नसतं."

"आणि कंपनी आमचे पैसे परत कधी देणार?"

"नाही देणार. तुम्ही तिला उसने थोडेच दिलेत? तुम्ही मालक झालात. मालकाला कुणी पैसे परत देतं का?"

लोक हसले. मालक झालो हे ऐकून दोघा-तिघांनी टोप्या सारख्या केल्या. बातिमा अपांनी मात्र डोळे बारीक केले.

"बरं, वर गेलं की नफा, हे कळलं. पण जो तो नफाच सांगतोय. मग तोटा कुणाला होतो गं? कुणाला तरी होत असेल ना?"

हा प्रश्न हिरव्या पुस्तकात नव्हता. कुन्सुलूने तो हसण्यावारी नेला.

तिथे कोपऱ्यात झुमाताय अता बसले होते. थोरल्या पुरुषाला आमच्याकडे अता म्हणतात, थोरल्या बाईला अपा. चौऱ्याहत्तर वर्षांचे, जन्मभर घोडे राखलेले, बोलणं कमी. एप्रिलमध्ये त्यांची बायको वारली होती, काम्शात तिचं नाव. तिची एक राखाडी घोडी होती, ती काम्शातशिवाय कुणाला दूध काढू द्यायची नाही. म्हाताऱ्याने महिनाभर लाथा खाल्ल्या आणि शेवटी घोडी विकली. साडेतीन लाख तेंगे आले. वर्ष भरलं की जेवण घालायचं होतं आणि थडग्यावर दगड उभा करायचा होता, काळा, काम्शातचा चेहरा कोरलेला. तोवर दहा महिने पैसे घरात ठेवले तर भाचे-पुतणे हसत हसत मागून नेणार, आणि नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. ते पैसे त्यांनी रुमालात बांधून आणले होते.

"पोरी," ते खिडकीशी येऊन म्हणाले, "सगळं कळलं. एकच विचारतो. घोडी मेली तर?"

अकरावा प्रश्न. कुन्सुलूला तो पाठ होता: माझे पैसे बुडू शकतात का? उत्तर: होय, काही किंवा सर्व, लवकर लागणारे पैसे शेअरमध्ये घालू नयेत. शहरात शिकवणाऱ्या बाईंनी तर तीन दिवसांत दहा वेळा बजावलं होतं की बाकी सगळं विसरलात तरी चालेल, अकरावा विसरू नका.

तिने तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बातिमा अपांनी दोन्ही तळहात वर केले आणि दुवा द्यायला सुरुवात केली, कारण गावातला पहिला माणूस पहिला वाटा घेत होता आणि नव्या कामाला दुवा नको का? "घोडी वितेल, कळप वाढेल, काम्शातच्या आत्म्याला समाधान मिळेल..." पोस्टातले सगळे तळहात वर झाले. झुमाताय अतांचे. कुन्सुलूचेही. हात वर असताना आमच्यात अभद्र बोलत नाहीत. कुणाचीच जीभ रेटत नाही. सगळ्यांनी आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले आणि अतांनी रुमालाची गाठ सोडली.

दुवा संपल्यावर सांगता आलं असतं. हे तिने पुढे स्वतःला हजार वेळा सुनावलं. दुवा अर्ध्या मिनिटाची होती. त्यानंतर अर्ज भरायला वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं ती म्हाताऱ्याशी बोलत होती, नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, सही इथे, सही तिथे. आणि अकरावं उत्तर तिच्या जिभेवर येऊन परत जात होतं. शेवटी ती म्हणाली, "काळजी करू नका, अता. मी आहे ना."

मी आहे ना! जणू ही बाई नदी अडवून वीज बनवणार होती.

ऑगस्टमध्ये भाव पाव पटीने चढला. कुन्सुलूने स्क्रीनवर आकडा बघितला, दोन्ही खिडक्या बंद केल्या आणि त्या देहाने ती गावाच्या टोकापर्यंत पळत गेली. "सुयुन्शी, अता! सुयुन्शी!" अता अंगणात खोगीर शिवत बसले होते. ते उठून आत गेले. काम्शातची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चांदीचं रुंद कडं होतं. काम्शातच्या हातात ते चाळीस वर्षं होतं, गावाने तिला त्याच्याशिवाय पाहिलेलं नव्हतं.

"एवढं नको, अता," ती म्हणाली.

"बातमी तशी आहे," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः तिच्या मनगटात ते चढवलं. काम्शात चणीने लहान बाई. कडं कुन्सुलूला घट्ट बसलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते यायचे. पेन्शनचा दिवस असो नसो, खिडकीशी वाकायचे आणि विचारायचे, "आमची घोडी कशी आहे?" "मजेत आहे, चरतेय," असं ती सांगायची. सप्टेंबरपर्यंत ते खरंही होतं.

ऑक्टोबरमध्ये भाव घसरू लागला. कंपनीने काही वाईट केलं नव्हतं. दूर कुठेतरी तेल स्वस्त झालं, मोठे लोक घाबरले, त्यांनी हातातलं सगळं विकायला काढलं. नदी वाहत होती, वीज बनत होती, आणि भाव रोज खाली येत होता. पहिल्या शुक्रवारी कुन्सुलू म्हणाली, "चरतेय." दुसऱ्या शुक्रवारी म्हणाली, "जरा थंडी लागलीय तिला, होईल बरी." तिसऱ्या शुक्रवारी भाव खरेदीच्याही खाली गेला होता. अता वाकले, त्यांनी विचारलं, आणि तिने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मजेत आहे."

तेव्हा खरं सांगितलं असतं तरी बरंचसं वाचलं असतं. पण मन मोठं चलाख असतं. पुढच्या आठवड्यात वर येईल, मग कशाला आज म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लावायचा, असं ते तिला समजावत राहिलं. हिवाळाभर समजावत राहिलं. तिने कडं काढून तिकिटांच्या खणात टाकलं. अतांनी मोकळ्या मनगटाकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "थंडीत चांदी टोचते." आणि घरी जाऊन जेवली नाही. जिचं कडं घालायचं तिच्याच दगडाचे पैसे आपल्या तोंडाने बुडाले, हे तिला रात्रंदिवस खात होतं. नवऱ्याने, एरसाइनने, काय झालं म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली.

मार्चमध्ये अता आले. "विक पोरी. दगडवाल्याला सांगून आलोय. चार लाखांचा पसंत केला. तू म्हणाली होतीस ना, चारच्या वर आहे म्हणून?"

ते ती ऑगस्टमध्ये म्हणाली होती. मार्चमध्ये विकून हातात आले दोन लाख दहा हजार.

त्या वर्षी गावात गॅसची नळी आली होती. ज्याला घरात जोडणी हवी त्याने पैसे भरायचे होते. कुन्सुलू आणि एरसाइनने तीन वर्षं साठवून दोन लाख बाजूला ठेवले होते, आणि भरायचं काम अर्थातच पोस्टातल्या बाईकडे होतं. ते तिने भरले नाहीत. अतांच्या पैशांत मिसळले आणि रबर लावून खिडकीतून सरकवले. म्हाताऱ्याने ते कपाळाला लावले. एरसाइनला तिने सांगितलं की यंदा यादी भरली, पुढच्या वर्षी बघू. तिला वाटलं, सुटले. पैसे गेले पण पाप फिटलं. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली.

एप्रिलमध्ये काम्शातचं वर्षाचं जेवण झालं. दोनशे माणसं आली. दगड खरंच देखणा होता, पुरुषभर उंच, वर काम्शातचा हसरा चेहरा. कधी चार शब्द एका दमात न बोललेले झुमाताय अता तिथे उभे राहिले आणि म्हणाले, "हा दगड माझ्या बायकोच्या घोडीने उभा केला. बाजारात मी साडेतीन घातले, चारच्या वर आले. आणि ही कुन्सुलू, हिने तिची राखण केली. माझ्या मुलीने केली नसती अशी." दोनशे लोकांनी हात वर करून कुन्सुलूला दुवा दिली. ती मान खाली घालून बसली होती. लोक म्हणाले, किती विनयशील बाई.

सोमवारी पोस्ट उघडलं तेव्हा बाहेर शेअर घ्यायला एकोणीस माणसं उभी होती. कुणी गाय विकली होती, कुणी मुलाच्या लग्नाचे काढले होते. रांगेत पुढे झुमाताय अता, आणि त्यांच्यासोबत त्यांची विधवा बहीण राबिगा, हातात डबा घट्ट धरलेली. मागे बाकावर बातिमा अपा, दुवा द्यायला हजर.

"हिच्याकडे गाईचे पैसे आहेत," अता म्हणाले. "घाबरतेय. विचारते, घोडी मेली तर? मी सांगतोय, अगं नाही मरत, माझी मेली का? पण हिला तुझ्या तोंडून ऐकायचंय. सांग तिला."

राबिगा डबा उघडू लागली. बाकावर बातिमा अपांनी तळहात वर केले. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी केले. रांगभर वर झालेले तळहात कुन्सुलूला काचेपलीकडून दिसत होते, आणि तिचे स्वतःचे हात सवयीने वर निघाले होते.

"हात खाली घ्या," ती म्हणाली.

कुणाला कळेना. आमच्या गावात हे कुणी कधी कुणाला म्हटलेलं नाही.

"हात खाली घ्या आधी! अपा, तुम्हीसुद्धा!" तिचा आवाज चिरकला. "मरते. घोडी मरते. अर्धी मरते, कधी सगळी मरते. अतांची जवळजवळ अर्धी मेली होती. दोन लाख दहा हजार आले होते. उरलेले माझे होते, आमच्या गॅसचे. मी खोटं बोलले. ऑक्टोबरपासून दर शुक्रवारी खोटं बोलले. ज्यांना ते पैसे वर्ष-दोन वर्षांत लागणार आहेत, त्यांनी घरी जा. राबिगा अपा, तो डबा बंद करा."

मग बातिमा अपा बाकावरून म्हणाल्या, "म्हणजे तोटा तुला झाला होय. तेव्हाच विचारलं होतं मी."

कुणी हसलं नाही. झुमाताय अतांनी टोपी काढली. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला.

"दोन लाख दहा," ते म्हणाले.

"हो, अता."

"मग मला सांगायचं ना, पोरी. मी लहान दगड लावला असता." त्यांनी हाताने आपल्या छातीएवढी उंची दाखवली. "ती एवढीशी तर होती. मोठ्या दगडाचं तिला काय करायचं होतं? आता दोनशे लोकांसमोर मी खोटं बोललो, तेही तिच्या थडग्यापाशी उभं राहून. तू बोलायला लावलंस."

पैसे बुडाल्याचं सांगायला ती घाबरली होती. पैशांचं त्यांनी नावही काढलं नाही. कुन्सुलूला वाटलं, ओरडले असते, काच फोडली असती तर बरं झालं असतं. तिने तिकिटांचा खण उघडला, कडं काढलं आणि दोन्ही हातांनी खिडकीतून पुढे केलं.

अतांनी त्याला हात लावला नाही. "सुयुन्शी परत घेत नाहीत," ते म्हणाले. "घाल. आणि काढू नकोस. कुणी विचारलं, कुणाचं कडं, की सांगायचं. सगळं सांगायचं, ऑक्टोबरपासून."

राबिगाला धरून ते बाहेर गेले. रांगेतले तेराजण त्यांच्या मागे गेले. चारजण थांबले, त्यांच्याकडे खरोखरच गरजेपेक्षा जास्तीचे पैसे होते.

घरी एरसाइनला दुपारपर्यंत कळलं होतं. तो रागावला नाही. त्याने फक्त कोळशाची बादली भरून आणली, तिच्यासमोर ठेवली आणि बाहेर निघून गेला. पुढच्या शरदात झुमाताय अतांनी कुन्सुलूच्या अंगणात एक दोन वर्षांचं शिंगरू आणून बांधलं. ती घरात असताना आले नाहीत, कामावर गेल्यावर आले. ते विकून गॅसची जोडणी झाली. पण तो गॅस पेटवला तरी तिला ऊब लागत नाही, असं तीच एकदा म्हणाली.

कडं तिला अजून घट्टच होतं. शेअर घ्यायला नवीन माणूस आला की वाट बघावी लागत नाही, त्याची नजर मनगटावर जातेच. एवढी जुनी चांदी कुणाची, असं तो विचारतो. मग ती हिरवं पुस्तक मिटते, खुर्ची खिडकीजवळ ओढते आणि सांगायला लागते. पहिल्या वाक्याला तिचा आवाज आजही अडकतो. ऐकून अर्धे लोक परत जातात.

झुमाताय अता शुक्रवारी येत नाहीत. महिन्याला एकदा येतात, पेन्शन घेतात. घोडी कशी आहे, असं आता विचारत नाहीत. नोटा मोजायच्या आधी काचेतून तिच्या मनगटाकडे बघतात, कडं आहे याची खात्री करून घेतात आणि टोपी घालून निघून जातात.